चौदा गावांची ओळख

शमीम,

तू गेल्यावर अकराव्या दिवशी तुझं पत्र आलं.

सकाळची वेळ होती. मी संस्थेच्या शेतीमाहिती केंद्रात येऊन नेहमीसारखी मेल उघडली आणि वरून तिसऱ्या ओळीत तुझं नाव दिसलं. पत्ताही तुझाच. विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'कशी आहेस?' तुझा जनाजा उठला तेव्हा मी तुझ्या घरातच होते, आतल्या खोलीत बायकांमध्ये बसलेली. बाहेरच्या पावलांचा आवाज मशिदीच्या वळणापर्यंत ऐकला होता. तरीही क्षणभर वाटलं की तूच लिहिलंस. उघडलं तर आत एक निळी ओळ होती आणि खाली कसल्याशा गोळ्यांची जाहिरात. कोणा भामट्याने कुठून तरी आपल्या दोघींचे पत्ते उचलले होते. तो तुझं नाव सांगून दारात उभा राहिला आणि माझ्या मेलने त्याला आत घेतलं.

तू असतीस तर हसली असतीस. "पाह्य रत्ने, मी मेली तरी माह्या नावानं पत्रं चालूच."

मला हसू आलं नाही. ते पत्र मी अजून पुसलेलं नाही. रोज सकाळी थोडं खाली सरकतं, रोज मी ते शोधते. आणि त्या दिवसापासून एक गोष्ट मला गप्प बसू देत नाही. ती तुला सांगायची राहिली. राहिली म्हणणंही खोटंच, मी ती सांगितली नाही. पण आधी बाकीचं आठवू दे. एकदम तिथे जायचं धाडस होत नाही.

साखरखेर्ड्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. मी बुद्धवाड्यातली, तू पिंजाऱ्यांची. तुझ्या फ्रॉकला कायम कापसाचे तंतू चिकटलेले असायचे आणि मी तासभर ते वेचत बसायचे, गणित सोडून. गणित तुझं पक्कं होतं. मी शेतकीची पदवी घेऊन गावात परतले, तू कॉम्प्युटर शिकून पुण्याला गेलीस, मेल चालवणारी यंत्रं सांभाळायच्या नोकरीत. तिथे पहिल्याच बैठकीत तू "मले असं वाटते" म्हणालीस आणि सगळे हसले. मी विचारलं, मग? "मंग काय, दुसऱ्या वेळेले अजून जोरात म्हटलं."

आमच्या संस्थेने पट्ट्यातल्या चौदा गावांत एकेक कॉम्प्युटर बसवला तेव्हा मी पहिला फोन तुलाच केला. तू दिवाळीची सुट्टी त्यात घातलीस. बीटी कपाशी नवी होती. दुकानागणिक वेगळं पाकीट, आणि एकसारख्या चित्रांची पाकिटं आतून निराळी. गावोगावचे लोक केंद्रात येऊन विचारायचे, हे बियाणं खरं का, ही अळी कोणती, कोणतं औषध मारू. ते प्रश्न मेलने माझ्याकडे यायचे. मी प्रयोगशाळेला विचारून उत्तर लिहायचे आणि गावातलं केंद्र ते छापून पाटीवर लावायचं. खाली माझं नाव, 'आपली रत्नमाला'. लोक आधी ते नाव बघायचे आणि मग वरचा मजकूर वाचायचे. मला त्याचा अभिमान होता, लपवत नाही.

पार्वताबाई आठवते तुला? तीन एकरांची एकटी बाई. दसऱ्याच्या आसपास ती केंद्रात आली. उपटून आणलेलं कपाशीचं झाड तिने माझ्या टेबलावर आडवं ठेवलं. एकेका बोंडाला भोक होतं.

"ताई, तुमचं नाव होतं," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग तिच्या मुलीने पाटीवरचा कागद पुढे केला. पेरणीच्या तोंडावरचं पत्र होतं. अमुक पाकीट तपासून झालं आहे, निर्धास्त पेरा. आपली रत्नमाला. ते मी लिहिलेलं नव्हतं. त्या पाकिटाचं नावदेखील मी पहिल्यांदाच वाचत होते. पण कागदावर माझाच पत्ता होता, माझीच 'आपली' होती, आणि चौदापैकी तीन केंद्रांनी तो पाटीवर लावला होता.

"मावशी, हे मी पाठवलंच नाही," मी म्हणाले.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. झाडाकडे बघत तिने शांतपणे विचारलं, "मंग तुमच्या नावानं कोण बोललं?"

त्याच शनिवारी तू पुण्याहून आलीस, पिशवीही खाली न ठेवता कॉम्प्युटरपुढे बसलीस आणि मला शेजारी बसवलंस. काळ्या पडद्यावर तू हातांनी एकेक ओळ लिहीत गेलीस. आधी पलीकडच्या यंत्राला नमस्कार. मग कोणाकडून, तिथे तू माझं नाव लिहिलंस. पलीकडून उत्तर आलं, ठीक आहे. मग कोणाला, तिथेही माझंच नाव. ठीक आहे. मजकुरात लिहिलंस, 'रत्ना गाढव आहे, आपली रत्नमाला.' मिनिटभरात ते पत्र माझ्या मेलमध्ये येऊन पडलं. मीच मला लिहिलेलं.

"एवढंच?" मी विचारलं. "कोणी विचारतच नाही, तू कोण म्हणून?"

"नाही विचारत. ज्याईनं ही रीत बनवली ते मोजके लोक होते, एकमेकाले ओळखत होते. चोर येईन असं त्याईच्या मनातच नव्हतं. मंग सारी दुनिया त्याच्यावर येऊन बसली."

"मग बदलत काऊन नाही?"

"कोण बदलन? जो पह्यलं बदलन तो एकटा पडते. त्याचं पत्र कोणाले जात नाही, कोणाचं त्याले येत नाही." तू पडदा बंद केलास. मग म्हणालीस, "पण चौदा गावं तं बदलू शकते ना वं?"

तिथून 'ओळख' सुरू झाली. नाव तूच ठेवलंस. पत्र निघण्याआधी दोन्ही टोकांनी एकमेकांना चावी दाखवायची, ती जुळली तरच पत्र हलणार. चावी फोनवर सांगायची नाही, पत्राने पाठवायची नाही, समोर बसून हातात द्यायची. सहा महिने तू नोकरी करून उरलेल्या वेळात ते लिहिलंस, आणि मार्चमध्ये रजा काढून आपण दोघी एसटीने चौदा गावं फिरलो. हिवरा आश्रमच्या फाट्यावर बस चुकली तेव्हा दोन तास कडुनिंबाखाली बसलो होतो. तू चप्पल उशाला घेऊन झोपलीस. एका गावात केंद्र चालवणारा माणूस परगावी गेला होता, त्याची बायको म्हणाली, मलाच द्या चावी, मी देते त्यांना. तू म्हणालीस, "तू चालवत असशीन तं तुले देते. नाही तं त्याईचा चेहरा पाह्यल्याशिवाय नाही." बाई म्हणाली, "मंग मीच चालवते." ते केंद्र पुढे सगळ्यांत चांगलं चाललं.

त्या हंगामात चौदा गावांत एकही खोटं पत्र लागलं नाही. पार्वताबाईने पुन्हा कपाशी लावली. पेरण्याआधी ती केंद्रात येऊन मला विचारून गेली, "या खेपेले तुम्हीच बोलून राह्यल्या ना?" मी हो म्हणाले. तेवढ्या एका 'हो'साठी तू इतके महिने घातलेस.

आता भांडणाकडे यायला हवं.

चौदा गावं एकमेकांशी आणि माझ्याशी 'ओळख'वर बोलत होती, पण बाकीचं जग जुन्या मेलवर होतं. प्रयोगशाळा जुन्या मेलवर, हवामानाचा अंदाज जुन्या मेलवर, जिल्ह्याची कचेरी जुन्या मेलवर. आपण बुलढाण्याला गेलो होतो, कचेरीतल्या साहेबांनी चहा पाजला, सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं काम उत्तम आहे. ज्या दिवशी सगळे येतील त्या दिवशी आम्ही पहिले." परतीच्या बसमध्ये तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतीस. "सगळे आल्यावर पह्यले!" प्रयोगशाळेतही तेच ऐकलं, फक्त चहा नव्हता. कोणी वाईट नव्हतं. सगळे दुसऱ्याची वाट बघत होते.

तोवर उपाय म्हणून जुन्या मेलची एक पेटी माझ्याकडे ठेवली. बाहेरून येणारं पत्र त्या पेटीत पडायचं. रोज सकाळी मी ती उघडायची, पत्र खरं आहे का ते फोन करून विचारायचं आणि मग माझ्या हाताने 'ओळख'वरून चौदा गावांना पाठवायचं. रोज दीड-दोन तास जायचे. मी तुला म्हणाले, एक खिडकी ठेव. बाहेरचं पत्र आपोआप आत येऊ दे, फक्त त्यावर शिक्का मार की हे ओळखीचं नाही. जुनं टाकून देऊ नको, जुन्यावरच काहीतरी बांध.

"खिडकी ठेवली तं दार काऊन लावलं?" तू म्हणालीस. "लोक शिक्का पाहत नाही रत्ने, नाव पाहतात. तुलेच माहीत आहे."

"मग मरेपर्यंत मी नकला करत बसू?"

"बस ना. वर्षभर बस. मी बाहेरच्याईले आणते."

"कोणी येत नाही शमीम. कोणीच येणार नाही. तुला पुण्यात बसून काय कळतं?"

तू फोन ठेवलास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आता लिहिते. भाद्रपदातली गोष्ट. त्या फोननंतर चार दिवस मी ती पेटी उघडली नाही. केंद्रात रोज गेले, बाकीची सगळी कामं केली, पेटीला हात लावला नाही. विसरले असं नाही, आजारी होते असंही नाही. चार दिवस बाहेरचं काही गेलं नाही की गावं ओरडतील, तुला फोन करतील, तुला दिसेल की हे असं चालत नाही, असं माझ्या मनात होतं. मला जिंकायचं होतं.

पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेचं पत्र पेटीत येऊन पडलं होतं. कपाशीवरच्या तुडतुड्यांसाठी लोक दोन औषधं एकत्र करून फवारत आहेत, ती एकत्र करू नयेत, उकाड्यात अंगात भिनतात, डोळ्यांना आणि श्वासाला धोका आहे, ताबडतोब पाटीवर लावा.

चौथ्या दिवशी दुपारी मशिदीसमोरून जीप भरून माणसं दवाखान्यात नेली. पाच जण. त्यांत तुझा धाकटा भाऊ सलीम होता. गाद्या-रजया शिवायचं काम थंडीत असायचं, पावसाळ्यात तो मजुरीने फवारायला जायचा. पाठीवरचा पंप गळत होता, तोंडाला रुमाल बांधलेला होता, डोळे उघडे. पाचही जण वाचले. चौघे धड परत आले. सलीमचे डोळे परत आले नाहीत. उजेड-अंधार कळतो, माणूस आला-गेला कळतो. सुई दिसत नाही.

तू रातोरात निघून सकाळी पोचलीस, दवाखान्यातून थेट केंद्रात आलीस. मी तेव्हा पेटी उघडून बसले होते. ते पत्र पडद्यावर होतं. तू ते वाचलंस, वरची तारीख बघितलीस आणि खुर्चीवर बसलीस. मला वाटलं आता विचारशील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, खरं सांगते, खोटं नव्हतं ते. मी सांगणार होते.

तू विचारलंच नाहीस. म्हणालीस, "सारं जग एकीकून बोलून राह्यलं, अन् मी चौदा गावं दुसरीकडे नेऊन बसवली. एका माणसाच्या हातावर किती भार टाकला मी. तू तरी काय काय करशीन."

तू मला समजून घेत होतीस, शमीम. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मग तू एकेका केंद्राला फोन केलास आणि 'ओळख' बंद केलीस. दुपारपर्यंत चौदाही गावं जुन्या मेलवर परत गेली. ती बाई, जिने चावी स्वतः घेतली होती, तिने फोनवर विचारलं, "काऊन बंद? चांगलं तं चालून राह्यलं होतं." तू म्हणालीस, "माही चूक झाली, बाई." मी शेजारी उभी होते.

पुढची वर्षं तू पुण्यात जुन्याच मेलवर शिक्के बसवायचं काम केलंस, मी सांगत होते तसलंच. आता मोठमोठ्या ठिकाणीही तसंच करतात, जुनं तसंच ठेवून वरून ठिगळं लावतात, आणि तुझ्या पत्रासारखी पत्रं तरीही ठिगळांमधून आत येतात. दरवेळी बोलताना तू म्हणायचीस, "तुह्यं बरोबर होतं रत्ने. जुनं मोडून चालत नाही." मी हं म्हणायचे. तो वाद मी जिंकले नव्हते. तुझी रीत चुकली की नाही हे आपल्याला कधी कळलंच नाही, कारण मी ती चालू दिली नाही. रोजचे दोन तास मी बसले असते तर कदाचित वर्षभरात प्रयोगशाळा आली असती. कदाचित नसतीही. माझ्या रागाचा पुरावा तू स्वतःविरुद्ध मान्य केलास आणि जन्मभर त्यावर काम केलंस.

शेवटी पुण्याच्या दवाखान्यात आले होते, तेव्हा सांगायचं ठरवूनच आले होते. पायऱ्या चढताना वाक्य पाठ करत होते. तू उशीला टेकून बसली होतीस, केस गेलेले, ओढणी कानांमागे घट्ट. मला बघून म्हणालीस, "ये, बस. तुह्यं मोसंबं तूच सोल, माह्यात जोर नाही." मी मोसंबं सोललं, एकेक फोड तुला दिली. तू खाल्लीस. चौदा गावांतली नावं एकेक करून आठवत होतीस, चुकलं तर मी सांगत होते. हिवरा आश्रमच्या फाट्यावरच्या झोपेची आठवण काढून हसलीस. मी वाक्य गिळलं. स्वतःशी म्हणाले, आता कशाला तिला त्रास. पण तो विचार तुझ्या त्रासाचा नव्हता, माझ्याच होता.

तुझ्या नावाचं ते पत्र आलं आणि मग मला राहवेना. वाटायचं, तू कुठेतरी विचारून राह्यलीस आणि मी उत्तर देत नाहीये. शेवटी गेल्या शुक्रवारी मी तुझ्या घरी गेले.

सलीम ओट्यावर रजई शिवत होता. त्याची बायको दहा-बारा सुयांत दोरे ओवून उशीला टोचून ठेवते, तो हाताने चाचपत एकेक घेतो, बोटांनीच टाका मोजतो. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. भांडण, चार दिवस, पेटी, पत्र, आणि तू चूक स्वतःवर घेतलीस तेही. काही सोडलं नाही, बनवून सांगितलं नाही. तो शिवायचा थांबला नाही. ओळ संपली तेव्हा त्याने दोरा तोडला.

"ताई, ती पाटी लागली असती तं मी वाचली असती असं काही नाही," तो म्हणाला. "फवाऱ्याच्या घाईत कोण पाटी पाहते?"

मला वाटलं, त्याने मला सोडलं. त्याने सोडलं नव्हतं, तो शब्द शोधत होता.

"आपा ईदले यायची," तो म्हणाला. "माह्याजवळ बसायची, माह्या ताटात वाढायची. पण त्या दिवसापासून तिनं मले पाह्यलं नाही. माणसाचा चेहरा कुणीकडे आहे एवढं मले कळते. तिचा खाली असे नाही तं बाजूले. मले वाटे, मी असा झालो म्हणून तिले पाहवत नाही. तिच्या मनात हे होतं, हे मले आज कळून राह्यलं." त्याने पुढची सुई घेतली, पण टोचली नाही. "तुम्ही तवाच सांगतलं असतं, तं तिनं मले पाह्यलं असतं."

त्याने आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला. उठून जावं असं वाटत होतं, पण उठले नाही. मान वर करून मी त्याच्याकडे नीट बघितलं, चहा येईपर्यंत बघत राहिले.

तू पाहिलं नाहीस म्हणून सांगते. तो आता अब्बांसारखा दिसतो. दाढी कानांपाशी पांढरी झाली आहे. डाव्या भुवईत लहानपणच्या पडण्याची खूण तशीच आहे. टाका घालताना जिभेचं टोक ओठांत धरतो, आणि कोणी समोर येऊन बसलं की त्या बाजूला तोंड करून थोडं हसतो, जणू तूच येऊन बसलीस आणि आता तरी पाहशील.